वकील ते सरन्यायाधीश : एका शिडीची अपुरी गोष्ट (दीर्घ धागा)

१/ दरवर्षी जुलै उजाडला की एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांची जयंती १२ जुलैची आणि पुण्यतिथी १४ जुलैची; त्यामुळे दोन दिवसांच्या अंतराने तोच मजकूर दोनदा येतो. पुण्यात जन्मलेला मुलगा, आयएलएसचा विद्यार्थी, मुंबईचा वकील, सरकारी वकील, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि अखेरीस भारताच्या इतिहासात सर्वाधिक काळ पदावर राहिलेला सरन्यायाधीश. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. आणि प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी हमखास लिहितो, 'रामशास्त्री बाण्याचा माणूस!'

२/ या मजकुरातील तारखा बहुधा बरोबर असतात. माझा आक्षेप त्यांच्या क्रमाला आहे. एका पायरीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, अशी शिडी मांडली की वाचणाऱ्याचे डोळे आपोआप वर लागतात. शिडी कुणी धरली होती, आणि त्याच सुमारास तिच्यावरून कुणाकुणाला खाली उतरवले जात होते, हे पाहायचे राहून जाते. आजचा धागा त्या उतरवलेल्यांविषयी आहे. पण सुरुवात चढणाऱ्यापासूनच करावी लागेल.

३/ चंद्रचूड यांनी १९४३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९४९ ते १९५२ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात अर्धवेळ शिकवत होते. १९५२ मध्ये सहायक सरकारी वकील आणि १९५८ मध्ये सरकारी वकील झाले. नानावटी खटला ज्यांना केवळ चित्रपटांमुळे ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते : सत्र न्यायालयात ज्युरीने कमांडर नानावटींना निर्दोष ठरवल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे सरकारची बाजू मांडणारे वकील हेच. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी तिची अंमलबजावणी स्थगित केली. न्यायालयाचा निकाल लागला न लागला तोच शासन त्यावरून कशी उडी मारू शकते, याचे दर्शन चंद्रचूड यांना वकील असतानाच घडले होते. १९६१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ऑगस्ट १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

४/ येथवर कुणाचे काही दुमत असण्याचे कारण नाही. कर्तबगार माणूस, अभ्यासू वकील, देखणे इंग्रजी लिहिणारा न्यायाधीश. फिरणारा मजकूर यानंतर सरळ २२ फेब्रुवारी १९७८ वर उडी मारतो, म्हणजे सरन्यायाधीशपदाच्या शपथेवर. मधली साडेपाच वर्षे एका स्वल्पविरामात संपतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी असे स्वल्पविराम तपासावेत, असे मला वाटते.

५/ एप्रिल १९७३. केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने सांगितले की संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असला तरी राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. चंद्रचूड अल्पमतातील सहांपैकी एक होते. निकालानंतर दोनच दिवसांनी सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमले. डावलले गेलेले तिघेही बहुमतातले होते. यापैकी शेलाट म्हणजे नानावटी प्रकरणात उच्च न्यायालयाच्या पीठावर बसलेले न्यायमूर्ती. ज्यांच्यासमोर चंद्रचूड वकील म्हणून उभे राहिले होते, त्यांची कारकीर्द कशी संपली हे त्यांनी शेजारच्या खुर्चीतून पाहिले.

६/ जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित झाला. 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली माणसे उचलली जाऊ लागली. शाह आयोगाच्या अहवालानुसार देशभरात ३४,९८८ जण या एकाच कायद्याखाली स्थानबद्ध झाले. कारण सांगण्याची गरज नाही, खटला नाही, मुदत नाही. राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. मधली भेट फक्त पत्रांची, तीही तुरुंगाच्या सेन्सॉरमधून जाणारी.

७/ आता ज्यांना चंद्रचूड यांना सरळ 'भित्रा' म्हणून मोकळे व्हायचे आहे, त्यांच्यासाठी एक अडचण. ऐन आणीबाणीत, ७ नोव्हेंबर १९७५ रोजी, याच न्यायमूर्तींनी ३९ व्या घटनादुरुस्तीचा गाभा घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालात सामील होऊन स्वतंत्र निकालपत्र लिहिले. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ती दुरुस्ती होती. केशवानंद प्रकरणी ते स्वतः अल्पमतात होते. तरी बहुमताचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला आणि समतेच्या व कायद्याच्या राज्याच्या कसोटीवर तो वापरला. देशातली सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती पक्षकार असताना. घाबरट माणूस हे लिहीत नाही.

८/ पण त्याच निकालात पंतप्रधानांची निवडणूक वैध ठरली, कारण निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदललेला होता. तत्त्व टिकले आणि प्रत्यक्षात कुणाचे काही बिघडले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे पुन्हा लागणार आहे.

९/ इकडे उच्च न्यायालयांमध्ये वेगळेच घडत होते. स्थानबद्धांचे नातेवाईक बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिका घेऊन येत होते. त्यांचे म्हणणे असे : मूलभूत हक्क स्थगित झाले असतील, पण मिसा हा कायदा तर चालू आहे ना? मग निदान त्या कायद्यातल्या अटी पाळून आमच्या माणसाला धरले आहे का, एवढे तरी तपासा. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हे म्हणणे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांत होते. दंडवते, वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्या याचिका ऐकणारे कर्नाटकचे उच्च न्यायालयही होते.

१०/ हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते आहे. 'त्या काळात तुम्ही नव्हता, तेव्हाचा दबाव तुम्हाला काय कळणार?' हा प्रश्न मला प्रत्येक धाग्याखाली विचारला जातो. खरे आहे, मी नव्हते. माझे वडीलही तेव्हा अर्ध्या चड्डीत शाळेत जात होते. पण नऊ उच्च न्यायालयांतले ते न्यायाधीश होते. त्यांच्यावरचा दबाव सर्वोच्च न्यायालयापेक्षा कमी नव्हता, उलट त्यांची बदली करता येत असल्यामुळे अधिकच होता. मी त्यांना आजच्या मापाने मोजत नाही. त्याच वर्षी, त्याच कायद्यासमोर बसलेल्या त्यांच्याच सहकाऱ्यांच्या मापाने मोजते आहे.

११/ सरकार अपिलात गेले. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखले जाणारे ते प्रकरण. पीठावर पाच जण : रे, खन्ना, बेग, चंद्रचूड आणि भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये शांती भूषण होते आणि विठ्ठल महादेव तारकुंडेही होते. तारकुंडे मूळचे सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयात चंद्रचूड यांच्या बरोबरीने न्यायाधीश होते आणि १९६९ मध्ये आपणहून ते पद सोडून वकिलीकडे परतले होते. एकाच उच्च न्यायालयाची दोन माणसे : एक व्यासपीठावर, एक समोर.

१२/ सुनावणीतला एक प्रसंग सुप्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार केले, तर त्यावर काही उपाय आहे का? डे यांचे उत्तर असे की आणीबाणी असेपर्यंत नाही. सरकारने काहीही लपवलेले नव्हते. आपण काय मागतो आहोत हे त्याने भर न्यायालयात सांगितले होते.

१३/ २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. स्थानबद्धतेचा आदेश कायद्याला धरून नाही, तो दुष्ट हेतूने काढला आहे, किंवा तो भलत्याच माणसाविरुद्ध बजावला गेला आहे, या कोणत्याही कारणाने कुणालाही न्यायालयात येता येणार नाही. एकटे खन्ना विरोधात. निकालाआधी त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते की या निकालपत्राची किंमत म्हणून मला सरन्यायाधीशपद गमवावे लागेल. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१४/ चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात एक आशा व्यक्त केली. स्थानबद्धांना मारहाण होईल, त्यांची उपासमार होईल, त्यांना गोळ्या घातल्या जातील, ही भीती युक्तिवादात मांडली गेली होती. त्यावर त्यांनी लिहिले की असे कधीच घडणार नाही, अशी आपली हिऱ्यासारखी लखलखीत आणि हिऱ्यासारखीच कठीण आशा आहे. वाक्य सुंदर होते.

१५/ केरळमध्ये कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी १ मार्च १९७६ रोजी पकडून नेले. कक्कयम येथील पोलीस छावणीत त्याचा छळ झाला आणि तो तेथेच मरण पावला. म्हणजे सर्वोच्च न्यायालयात ही आशा वाचली जात होती, तेव्हा राजनला जाऊन सुमारे आठ आठवडे झाले होते. त्याचे वडील ईच्चर वारियर त्या वेळी मुलगा जिवंत आहे असे समजून एकेका कार्यालयाचे उंबरठे झिजवत होते. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका त्यांना दाखल करता आली ती आणीबाणी उठल्यावर, मार्च १९७७ मध्ये.

१६/ चंद्रचूड यांना राजनची माहिती नव्हती, असू शकत नव्हती. आणि ती नव्हती याचे कारण हेच की अशी माहिती न्यायालयासमोर आणणारे दार त्या निकालाने बंदच ठेवले. म्हणून 'त्यांचा हेतू वाईट नव्हता' हा बचाव मला अपुरा वाटतो. हेतूचे पुरावे कुणाजवळच नाहीत, माझ्याजवळ तर नाहीतच. पदाच्या मोहाने त्यांनी हे लिहिले असे मी म्हणणार नाही. पण न्यायाधीशाचे काम आशा बाळगण्याचे नसते. आशा नातेवाइकांनी बाळगायची. न्यायाधीशाने माणूस समोर हजर करायला सांगायचे. त्या याचिकेच्या नावातच ते काम लिहिलेले आहे.

१७/ आता शिडीकडे परत येऊ. बहुमतातले चौघे : रे आधीच सरन्यायाधीश होते. बेग जानेवारी १९७७ मध्ये झाले, ज्येष्ठ असलेल्या खन्नांना डावलून. चंद्रचूड १९७८ मध्ये आणि भगवती १९८५ मध्ये. चारही जण त्या खुर्चीवर बसले. पाचवे, खन्ना, राजीनामा देऊन घरी गेले. हे बहुतेकांना ठाऊक असते आणि खन्नांचे नाव आज आदराने घेतलेही जाते. माझी खंत त्यांच्याही खालच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांबद्दल आहे.

१८/ दिल्ली उच्च न्यायालयात पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध याचिका आली, ती न्यायमूर्ती रंगराजन आणि न्यायमूर्ती आर. एन. अग्रवाल यांच्यापुढे. सुनावणी झाल्यावर, निकाल लागण्याआधीच सरकारने नय्यर यांना सोडून दिले, म्हणजे निकाल देण्याचे कारणच उरू नये. दोघांनी तरीही सप्टेंबर १९७५ मध्ये निकाल दिला आणि स्थानबद्धता बेकायदा ठरवली. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली. अग्रवाल अतिरिक्त न्यायाधीश होते. त्यांना कायम केले गेले नाही आणि ते पुन्हा सत्र न्यायाधीश झाले. उच्च न्यायालयातून सत्र न्यायालयात! जनता सरकारच्या काळात त्यांची पुन्हा उच्च न्यायालयावर नेमणूक झाली, पण मधल्या काळात रोज सकाळी ज्या न्यायालयात ते गेले असतील त्याचा विचार करून पाहा.

१९/ कर्नाटकात दंडवते-अडवाणींच्या याचिका ऐकणारे न्यायमूर्ती चंद्रशेखर आणि न्यायमूर्ती सदानंदस्वामी यांपैकी एकाला अलाहाबादला आणि दुसऱ्याला गुवाहाटीला पाठवले गेले. १९७६ मध्ये अशा रीतीने १६ न्यायाधीशांच्या बदल्या त्यांच्या संमतीविना झाल्या. मुले शाळेत, आई-वडील वृद्ध, भाषा अनोळखी. प्रत्येक बदलीचा कागद मात्र निर्दोष : घटनेच्या २२२ व्या अनुच्छेदान्वये, लोकहितार्थ.

२०/ गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांनी आंध्र प्रदेशात झालेल्या आपल्या बदलीला आव्हान दिले. ते प्रकरण सप्टेंबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. तोवर सरकार बदलले होते आणि शेठ यांचे गुजरातला परतणे ठरले होते. प्रश्न फक्त तत्त्वाचा उरला : न्यायाधीशाची बदली त्याच्या संमतीशिवाय करता येते काय? बहुमताचे उत्तर 'होय' असे आले. सरन्यायाधीशांशी खराखुरा विचारविनिमय झाला पाहिजे आणि बदली लोकहितासाठी असली पाहिजे, एवढ्या अटींवर. बहुमतात चंद्रचूड होते. संमती हवीच असे म्हणणाऱ्या दोघांत भगवती होते. जबलपूर प्रकरणाची चर्चा करणाऱ्या मराठी लेखांत हा निकाल मला क्वचितच भेटला. खाली उतरवण्याची जी यंत्रणा सोळा जणांवर वापरली गेली, ती पुढेही शाबूत राहिली, आणि ती शाबूत ठेवणाऱ्यांत चढणाऱ्याचाही हात होता.

२१/ १९७८ च्या सुरुवातीस बेग निवृत्त होणार होते. मुंबईतील काही ज्येष्ठ विधिज्ञांनी जाहीर मागणी केली की जबलपूर निकालातील कुणालाही सरन्यायाधीश करू नये. सत्तेवर जनता पक्ष होता. कायदामंत्री होते शांती भूषण, म्हणजे ज्यांनी स्थानबद्धांची बाजू मांडून हार पत्करली तेच. रेल्वेमंत्री होते मधू दंडवते, ज्यांच्या नावची याचिका त्या निकालाने निष्फळ ठरवली तेच. अडवाणी आणि वाजपेयीही त्याच मंत्रिमंडळात. या सरकारने ज्येष्ठताक्रम मोडायचा नाही असे ठरवले आणि चंद्रचूड सरन्यायाधीश झाले.

२२/ तो निर्णय मला योग्य वाटतो. दोनदा ज्येष्ठता मोडून न्यायसंस्थेचे काय होते ते देशाने पाहिले होते. तिसऱ्यांदा, चांगल्या हेतूने का होईना, तेच हत्यार उचलणे घातक ठरले असते. मात्र त्याचा अर्थ नीट लावू या. चंद्रचूड सरन्यायाधीश झाले ते तुरुंगातून सुटून आलेल्यांनी सूड घेण्याचे नाकारले म्हणून. फिरणाऱ्या मजकुरात या पायरीखाली 'गुणवत्तेच्या बळावर' असे लिहिलेले असते. गुणवत्ता होतीच. पण ती पायरी ज्यांनी धरून ठेवली त्यांत बंगळूरच्या तुरुंगातले कैदी होते, हे लिहिले तर काय बिघडेल?

२३/ सरन्यायाधीश झाल्यावर त्याच वर्षी एका जाहीर भाषणात चंद्रचूड यांनी खेद व्यक्त केला. खेद कशाचा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कायदा असाच आहे, हे लोकांना सांगून पदाचा राजीनामा देण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, असे ते म्हणाले. म्हणजे कायद्याचा अर्थ आपण बरोबर लावला, यावर ते ठाम होते. होमी सीरवई यांनी याच निकालाची चिरफाड करणारे पुस्तक १९७८ मध्ये लिहिले, ते मुख्यतः ही ठाम समजूत खोडून काढण्यासाठी. सीरवई १९५७ ते १९७४ या काळात राज्याचे महाधिवक्ता होते. चंद्रचूड सरकारी वकील असताना दोघे एकाच सरकारची कामे पाहत. परक्याने केलेली टीका ती नव्हती.

२४/ आणि येथे रामशास्त्री आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्यातील संवाद किती अस्सल हा वेगळा प्रश्न. परंतु परंपरेने त्या कथेचा जो भाग जपला, त्यात केवळ निवाडा नाही. ते पुण्यातून निघून माहुलीला गेले, हाही आहे. बारभाईंच्या हाती कारभार आल्यावर ते पुन्हा न्यायाधीशपदी आले. म्हणजे आपल्या स्मरणातला आदर्श न्यायाधीश हा शिडीवरून स्वतः उतरलेला माणूस आहे. १९७८ च्या भाषणात चंद्रचूड ज्याची उणीव बोलून दाखवतात ती नेमकी हीच. तेव्हा प्रतिक्रियांत 'रामशास्त्री बाणा' लिहिणाऱ्यांनी निदान त्यांच्या स्वतःच्या कबुलीचा तरी मान राखावा.

२५/ 'पण पुढचे निकाल बघा ना!' बघू. जुलै १९८० चा मिनर्व्हा मिल्स निकाल : ४२ व्या घटनादुरुस्तीतील संसदेला अमर्याद अधिकार देणारे कलम त्यांनी रद्द केले. भारतीय लोकशाहीवर त्या निकालपत्राचे उपकार आहेत. त्याच वर्षी सिब्बिया प्रकरणात त्यांनी अटकपूर्व जामिनाची व्याप्ती रुंद केली. १९८३ मध्ये मिठू प्रकरणात जन्मठेपेच्या कैद्याला सक्तीने फाशी देणारे कलम ३०३ घटनाबाह्य ठरवले. जिवंत माणसांचे गळे त्या निकालाने फासातून सुटले. एप्रिल १९८५ मध्ये शाहबानो यांची महिना १७९ रुपये २० पैशांची पोटगी कायम केली आणि त्यानंतर उठलेले वादळही सोसले.

२६/ आणि १० जुलै १९८५, निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा, मुंबईच्या पदपथवासीयांचा निकाल. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने पदपथांवरील झोपड्या हटवण्याचे जाहीर केले, त्यावरची याचिका. याचिकाकर्त्यांत गावचे घर पडल्यामुळे संगमनेरहून मुंबईला आलेला एक चर्मकार होता. चंद्रचूड यांनी लिहिले की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आज देशभरातील फेरीवाल्यांची, विस्थापितांची प्रत्येक याचिका या वाक्याचा आधार घेते. निकालाचा शेवट मात्र असा : ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्या हटवू नयेत. त्यानंतर हटवाव्यात.

२७/ ७ नोव्हेंबर १९७५ ची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती याचसाठी. तत्त्व उंच आणि समोर उभ्या माणसाच्या हाती फारसे काही नाही, असा एक धागा या कारकिर्दीतून जाताना मला दिसतो. शाहबानो आणि मिठू प्रकरणांत तो तुटतो, हेही मान्य. पण मुद्दा असा की पुढच्या निकालांनी मागच्या निकालाची फेड होते हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. फेड होण्यासाठी ऋणको आणि धनको तेच असावे लागतात. १९७६ मध्ये ज्यांचे दार बंद झाले ते कैदी वेगळे, १९८३ मध्ये फाशीतून वाचलेले वेगळे. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन खाते मिटत नाही.

२८/ याच हिशेबाची सर्वांत लाडकी आवृत्ती म्हणजे पिता-पुत्रांची गोष्ट. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल रद्दबातल ठरवला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. त्यात १९७६ ची चारही बहुमताची निकालपत्रे गंभीर चुकांची असल्याचे स्पष्टपणे म्हटले आहे. पुत्राने पित्याची चूक दुरुस्त केली, वर्तुळ पूर्ण झाले, अशा मथळ्यांना त्या आठवड्यात ऊत आला होता.

२९/ धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले ते योग्यच लिहिले, आणि ते लिहिणे सोपे नसणार. माझी नाराजी मथळ्यांवर आहे. राज्याने हजारो नागरिकांवर केलेला अन्याय त्यांनी एका घराण्याच्या दिवाणखान्यात नेऊन बसवला. शिवाय कालक्रम पाहा. प्रत्यक्ष दुरुस्ती न्यायालयाने केलीच नाही. ती संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने केली. आणीबाणीतही जीवित-स्वातंत्र्याच्या २१ व्या अनुच्छेदाची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद तेव्हाच आली. न्यायालयाला आपला निकाल अधिकृतपणे पुसायला ४१ वर्षे लागली. भगवतींनी जाहीर माफी मागितली ती २०११ मध्ये.

३०/ तेव्हा माझी मागणी अगदी माफक आहे. पुढच्या जुलैत हा मजकूर पुढे ढकलताना १९७२ आणि १९७८ च्या मध्ये चार ओळी घाला. २८ एप्रिल १९७६ लिहा. रंगराजन, अग्रवाल, चंद्रशेखर, सदानंदस्वामी ही नावे लिहा. तारकुंडे तर आपल्या सासवडचे. त्यांचे नाव लिहायला मराठी माणसाला हरकत नसावी. मिनर्व्हा मिल्सही लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

३१/ एक विनंती. महाराष्ट्रातही हजारो जण मिसाखाली स्थानबद्ध होते. तुमच्या घरात आजोबांच्या, आजीच्या नावचा स्थानबद्धतेचा आदेश असेल, तुरुंगाचा शिक्का असलेली पत्रे असतील, पॅरोलच्या अर्जाची कार्बन प्रत असेल, तर रद्दीत घालू नका. आदेशावर 'कारण' या शब्दापुढे काय लिहिले आहे ते मला पाहायचे आहे. पक्ष कोणताही असो. छायाचित्र पाठवलेत तरी चालेल, नाव झाकून पाठवा.

३२/ पुढचा धागा सांकळचंद शेठ आणि त्या सोळा बदल्यांवर. परीक्षा आहेत, त्यामुळे दोन आठवडे लागतील.